मऊ बाजू आत

फ्रीमँटलच्या माणसाला उन्हाळ्यात दुपारी एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे डॉक्टर. औषध देणारा नव्हे, समुद्रावरून येणारा वारा. सकाळभर गाव भट्टीत घातल्यासारखं तापतं, छपराचे पत्रे कडकड वाजतात, कुत्री जिभा बाहेर टाकून ओसरीखाली पडतात, आणि मग दीड-दोनच्या सुमाराला तो येतो. "आला गं बाई एकदाचा डॉक्टर!" म्हणत लोक धडाधड खिडक्या उघडतात. टोंका मारुशिच मात्र नेमक्या त्याच वेळी आपल्या खिडक्या बंद करायची. दाराच्या फटीला ओलं फडकं लावायची आणि आत घामानं निथळत बसायची. शेजारी नवी राहायला आलेली जोडपी म्हणायची, म्हातारी जरा चक्रम दिसते. चक्रम वगैरे काही नव्हती ती. घाबरली होती. तिचा भाऊ अँटे गेल्यापासून दोन वर्षं झाली, ती रोज दुपारी अशीच घाबरून बसत होती.

तिला भीती दोन गोष्टींची होती. एक, आपल्या छातीत काहीतरी आहे. दुसरी त्याहून वाईट, की तेच आपण लहानपणी आपल्या हातांनी आपल्या जिवलग मैत्रिणीच्या, शेजारच्या डॉटच्या घरात नेऊन दिलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. टोंकाच्या मनाला तर दुसरा उद्योगच उरला नव्हता.

टोंकाच्या गल्लीचं साइडिंग स्ट्रीट हे नाव आता पाटीवर आहे, गल्ली उरलेली नाही. तिच्या लहानपणी तिथं बावीस घरं होती, मागे लोकरीची गोदामं, पुढे रूळ आणि रुळांपलीकडे धक्का. सगळ्या घरांत लंपर. जहाजात उतरून पोती, पेट्या, गासड्या अंगावर वाहणारा तो लंपर. इतर बंदरांत त्याला काही म्हणोत, फ्रीमँटलमध्ये लंपरच. लंपर लोकांत खऱ्या नावाला काडीची किंमत नव्हती. धक्क्यावर पाऊल ठेवल्यापासून आठ दिवसांत माणसाला टोपणनाव चिकटायचं आणि मातीला जाईपर्यंत सुटायचं नाही. डॉटचा बाप कामावर पाहुण्यासारखा यायचा, चहा घ्यायचा, सगळ्यांची विचारपूस करायचा, म्हणून तो 'पाहुणा'. टोंकाचा बाप शिमे, डाल्मेशियाच्या बेटावरून आलेला, मिशाळ आणि अबोल. त्याचं नाव 'मांजर', कारण तो रिकाम्या तोंडानं कधी घरी आलाच नाही. फुटलेल्या पेटीतले खजूर, सांडलेला चहा, दोरीचा तुकडा, काहीतरी कोटाच्या आत दडवून तो घरात आणून टाकायचा आणि पोरांकडे बघत उभा राहायचा. याला चोरी म्हणायची गल्लीत पद्धत नव्हती. सगळेच करत. पण मांजराचा हात धरणारा कोणी नव्हता.

एकोणीसशे पंचावन्न सालच्या हिवाळ्यात मांजरानं पोती आणली. सहा रिकामी तागाची पोती.

"टाटा, यात काय होतं?" आठ वर्षांच्या टोंकानं बापाला विचारलं.

"निळं," शिमे म्हणाला. "उत्तरेकडून येतं. खाणीतलं. हात लाव बघ."

टोंकानं पोत्याच्या आत हात घातला. पोतं बाहेरून नेहमीसारखं खरखरीत. पण आतल्या विणीत निळसर लव अडकून बसली होती, कापसासारखी मऊ. असलं पोतं कुणी पाहिलं नव्हतं. टोंकाची आई लुत्से म्हणाली, आधी उकळून काढते. तिनं चुलीवर पातेलंही ठेवलं. तेवढ्यात मधल्या बुटक्या भिंतीवरून पेगमावशी, म्हणजे डॉटची आई, डोकावली.

पेगमावशी गल्लीतली शिवणकामाची देवी. पोती जोडून आणि त्यात जुने कपडे भरून जी जाड गोधडी करतात, तिला तिकडे वॅगा म्हणतात. लुत्सेला वॅगा माहीतच नव्हती. तिच्या बेटावर मेंढीची लोकर. तिला सगळं पेगनं शिकवलं. त्या दिवशीही ती भिंत ओलांडून आली, पोतं उलटंसुलटं करून पाहिलं, आणि पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अगं वेडे, धुतेस कशाला? लव निघून जाईल. अशी ऊब तुला दुकानात मिळेल का? मऊ बाजू आत ठेव, पोरांच्या अंगाला लागेल अशी, आणि जुने कपडे वरून लाव."

दोघींनी दोन दिवस बसून वॅगा शिवली. तिच्याखाली टोंका आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ अँटे, एका खाटेवर, चार हिवाळे झोपले. गल्लीत त्या वॅगेची कीर्ती झाली. सकाळी उठलं की दोघांच्या केसांत निळी लव असायची. अँटे ती फुंकून उडवायचा आणि खिदळायचा. दुपारी डॉक्टर आला की लुत्से वॅगा वाऱ्यावर झटकायला लावायची. चार कोपरे चार पोरं धरायची, वर-खाली, वर-खाली, आणि उन्हात काहीतरी चमचम करत भिंतीपलीकडे जायचं. पोरं त्याच्याखाली नाचायची.

छपन्न सालच्या जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, डॉटला डांग्या खोकला झाला. डॉट आणि टोंका एका वयाच्या, एका बाकावरच्या, एकीला ठेच लागली तर दुसरीनं रडायचं अशा. साइडिंग स्ट्रीटची रीत होती की ज्या घरात तान्हं किंवा आजारी, त्या घरात गल्लीतली सगळ्यात ऊबदार वस्तू जायची. कुणी सांगायची वाट बघितली नाही. टोंकानं वॅगा स्वतः डोक्यावर घेतली, भिंतीवर चढली, पलीकडे उडी मारली आणि डॉटच्या अंगावर हनुवटीपर्यंत ओढून दिली. तीन आठवडे डॉट तिच्याखाली होती. बरी झाली. पेगमावशी सगळ्यांना सांगत सुटली, "माझ्या पोरीला टोंकानं वाचवली हो!" ही शाबासकी टोंकानं पन्नास वर्षं जपली होती. आता तीच शाबासकी आठवली की ती कानांवर हात ठेवायची.

पुढे वॅगा विरली, कुत्र्याखाली गेली, मग कुठे गेली कुणाला आठवत नाही. गल्लीचंही तसंच झालं. शिमे त्र्याहत्तर साली छातीनं गेला. म्हाताऱ्या लंपरच्या छातीत घरघर असायचीच. 'लंपरची छाती' म्हणत आणि सोडून देत. त्याच सुमाराला लोखंडी पेटारे आले, जिथे चाळीस माणसं लागत तिथे क्रेनवर एक माणूस बसला. सत्त्याऐंशी साली शिडांच्या होड्यांची जगातली मोठी शर्यत गावात भरली, तशी गावाला रंग लावायची साथ आली. लोकरीच्या गोदामांची राहती घरं झाली, लंपरांच्या दारूच्या गुत्त्यात फेसाळलेली कॉफी मिळू लागली. भाडी अशी चढली की एकेक बिऱ्हाड उठून रणरणत्या नव्या वस्त्यांत गेलं. डॉट नवऱ्याबरोबर दूर दक्षिणेला मँड्युराला गेली. पुढे नवरा वारला, ती तिथेच राहिली. टोंकाचं घर शिमेनं कधीच विकत घेऊन ठेवलं होतं म्हणून ती राहिली. सार्डिन मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं डबे भरले, मासेमारी बोटीवरच्या यॉशकोशी लग्न केलं, तो गेला, मूलबाळ नव्हतं. बावीस घरांतली ती एकटी. रविवारी सहलीला आलेले लोक तिच्या ओसरीचे फोटो काढतात आणि ती आतून शिव्या घालते, आपल्या भाषेत, म्हणजे त्यांना ती स्वागत करतेय असं वाटतं.

अँटे शाळामास्तर होता. आयुष्यात धक्क्यावर काम केलं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी त्याला दम लागायला लागला. तपासणीनंतर एका तरुण डॉक्टरीणबाईनं टोंकाला बाजूला बसवून विचारलं, "तुमचे भाऊ कधी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामात होते का?"

"तो? तो खडू घेऊन फळ्यासमोर. दुसरं काही नाही."

"मग घरात कुणी? वडील?"

"टाटा लंपर होते."

"घरी काही आणायचे का ते धक्क्यावरून?"

टोंकाला हसू आलं. "काही? बाई, त्यांचं नावच मांजर होतं. काय नाही आणलं विचारा! खजूर, चहा, पोती..."

ती तिथेच थांबली. हसू तोंडावर तसंच राहिलं. डॉक्टरीणबाई लिहायचं थांबून तिच्याकडे बघत होत्या.

"कसली पोती?" त्यांनी विचारलं.

टोंकानं सांगितलं. निळी लव म्हणाली तेव्हा बाईंनी मान खाली घातली. मग सावकाश सांगितलं, की ती लव म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच, आणि छातीत शिरलं की ते पन्नास वर्षं गप्प बसतं. एकाच अंथरुणावरच्या दोघांपैकी एकाला धरतं, दुसऱ्याला सोडतं. त्याला काही नियम नाही. छातीचा फोटो काढून घ्या, म्हणाल्या, आणि चिठ्ठी दिली. टोंकानं ती पाकिटात ठेवली आणि फोटो काढला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, इस्टरनंतर जाऊ. खरं सांगायचं तर तिचे पाय उचलत नव्हते. जोवर फोटो नाही तोवर काही नाही, असा तिनं हिशेब मांडला होता, आणि तो चुकीचा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अँटे दोन हजार सात सालच्या हिवाळ्यात गेला, आणि दुपारच्या वाऱ्यात ती झटकलेली निळी लव अजून उडतेय असं वाटून टोंका खिडक्या लावून घेऊ लागली. त्याच्या मातीला डॉट आली नाही.

हे टोंकाच्या काळजाला लागलं. डॉट! जिनं अँटेला कडेवर घेऊन हिंडवलं होतं, ती फोन करून "पाय दुखतोय गं" म्हणाली. चोराच्या मनात चांदणं. टोंकाला लगेच वाटलं, हिला कळलंय. माझ्या बापानं पोती आणली आणि मी तिच्या अंगावर घातली, हे हिला कळलंय आणि ही माझं तोंड बघायला तयार नाही. त्यानंतर दर रविवारचे फोन आखडत गेले. हवा कशी आहे, टोमॅटो आले का, बरं ठेवते. दोघींपैकी कुणीच 'वॅगा' शब्द काढला नाही. शब्द फोनच्या तारेवर बसून राहायचा आणि दोघी त्याला वळसा घालून बोलायच्या.

अशी दोन वर्षं गेली आणि नाताळला डॉटचं कार्ड आलं. दर वर्षी दोन पानं भरून चुगल्या असायच्या. या वेळी नुसती सही, आणि तीही वाकडीतिकडी, मधेच पेन उचललेली. ती सही डोळ्यांसमोर घेऊन टोंका तीन आठवडे झोपली नाही. शेवटी जानेवारीच्या एका सकाळी तिनं डबाभर फ्रितुले तळले, मनुका घातलेली ती छोटी गोड भजी डॉटला लहानपणापासून आवडायची, आणि बसमध्ये बसली. दीड तासाच्या वाटेत तिनं मनाशी वाक्यं जुळवली. एकही धड जुळलं नाही.

दार उघडलं ते डॉटनंच. टोंकाला आधी वाटलं आपण घर चुकलो. दारातल्या बाईचे खांदे हँगरवर अडकवल्यासारखे वर निघाले होते.

"ये म्हातारे," डॉट म्हणाली. "दोन वर्षांनी उगवलीस."

"तू तर अँटेच्या मातीलाही उगवली नाहीस."

"पहिल्याच वाक्याला? निदान आत तरी ये भांडायला."

डॉटनं चहा केला. किटली उचलताना तिनं दुसऱ्या हातानं टेबल धरलं, आणि दोन घरं अंतर चालल्यासारखा श्वास घेतला. टोंकानं तो आवाज ओळखला. अँटेचा शेवटच्या उन्हाळ्यातला आवाज. आता बोललो नाही तर तोंडच उघडणार नाही, असं तिला वाटलं.

"डॉट, ती वॅगा," ती म्हणाली. "पोती माझ्या टाटांनी आणली. आणि तुझ्या अंगावर मी घातली. मीच. कुणी सांगितलं नव्हतं मला. तू मला काय बोलायचं ते बोल, पण बोल. फोनवर टोमॅटो पुरे झाले."

डॉटनं कप खाली ठेवला.

"म्हणजे तू इतके दिवस यासाठी घाबरलीस?" डॉट म्हणाली. "तू? अगं, तुझी आई पातेलं ठेवून बसली होती चुलीवर! ती उकळणार होती. सगळं धुऊन निघालं असतं. कुणी थांबवलं तिला?"

डॉटनं स्वतःच उत्तर दिलं.

"माझ्या आईनं. 'मऊ बाजू आत ठेव.' मी भिंतीवरच बसले होते, माझ्या कानांनी ऐकलंय. अँटेला काय झालं हे तू फोनवर सांगितलंस ना, त्या दिवसापासून माझ्या कानात तेच वाक्य. कुठल्या तोंडानं येऊ मी त्याच्या मातीला? माझ्या आईनं शिवलेल्या गोधडीनं मेला तो. आणि ती? ती पंच्याऐंशीची होऊन, ठणठणीत, झोपेत गेली!"

"पेगमावशीला काय माहीत होतं गं?"

"आणि मांजराला माहीत होतं का? तुला आठव्या वर्षी माहीत होतं का?"

दोन वर्षं दोघी एकमेकींच्या आरोपाला भीत होत्या, आणि आरोप करणारी कुणी नव्हतीच. इतकी दोन शहाणी माणसं इतकी मूर्ख कशी होतात देव जाणे. टोंकाला रडू फुटलं, डॉटलाही फुटलं, पण डॉटचं रडणं लगेच खोकल्यात गेलं आणि तो खोकला थांबेना. टोंकानं तिची पाठ चोळली. हाताला मणके लागत होते.

"कधी कळलं?" टोंकानं विचारलं.

"ऑगस्टात. उजव्या बाजूला. वर्ष म्हणतायत, फार तर." डॉटनं डोळे पुसले. "ते जाऊ दे. मला माझं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण त्याची सवय झाली. मला रात्री झोप येत नाही ती तुझ्यापायी."

"माझ्या?"

"मी तीन आठवडे होते तिच्याखाली, टोंका. तीन आठवडे. तू चार हिवाळे होतीस." डॉटनं तिचं मनगट धरलं. हात बारीक झाला होता, पण पकड लंपरच्या पोरीची होती. "अँटे गेला. मी चालले. आता तूही त्यानंच गेलीस तर माझ्या आईनं तीन माणसं खाल्ली. मला हे घेऊन मरायचं नाही. तू फोटो काढलास ना? खरं सांग."

चिठ्ठी पाकिटात होती, दोन वर्षं जुनी, घडीवर फाटायला आलेली. टोंकाला स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. आज जिना नव्हता, चढ नव्हता, तरी तो मोठा येतोय असं वाटत होतं. या बाईलाच सांगावं, तिला वाटलं, की मला भीती वाटते. मी गेले नाही. तू चल माझ्याबरोबर.

"काढला," ती म्हणाली.

"कधी?"

"अँटेनंतर लगेच. आणि परवा नोव्हेंबरात पुन्हा. स्वच्छ आहे. ती पोरगी म्हणाली, तुमची फुप्फुसं चाळिशीतल्या बाईची."

"अँटेची शपथ घे."

टोंकाच्या आईबापाच्या बेटावर मेलेल्याची खोटी शपथ घेणाऱ्याला मरताना जीभ जड होते म्हणतात, आणि टोंका असल्या गोष्टी मानणारी होती.

"अँटेची शपथ," ती म्हणाली.

डॉटनं मनगट सोडलं. तिनं खुर्चीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. मग डबा ओढून घेतला आणि एकापाठोपाठ तीन फ्रितुले खाल्ले. महिनाभरात असं खाल्लं नव्हतं, म्हणाली. मग सगळी गल्ली निघाली: कुणाचा नवरा कुणाच्या कुंपणात सापडला, 'पाहुण्या'नं संपाच्या वेळी भाषण करताना खोटे दात कसे गिळले. दोघी हसल्या. निघताना डॉट दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आज झोपेन मी."

बसथांब्यावर डॉक्टर सुटला होता. टोंकाला तोंड झाकायचंही सुचलं नाही. जगात जिच्यापाशी ही भीती बोलून दाखवता आली असती असं एकच माणूस उरलं होतं, आणि त्याच माणसाला ती आत्ता शपथेवर खोटं सांगून आली होती. आता फोटो काढायलाच हवा होता, कारण पुन्हा डॉटसमोर जायचं, तिच्या डोळ्यांत बघायचं, तर आपण काय लपवतोय हे तरी ठाऊक असायला हवं.

तिनं चिठ्ठीवरचा नंबर लावला. पलीकडच्या मुलीनं नाव घेतलं, जन्मतारीख घेतली, मंगळवारची सकाळ दिली.

"जवळच्या कुणाचं नाव आणि फोन सांगता का?" मुलीनं विचारलं. "निकाल आल्यावर तुम्ही फोनवर सापडला नाहीत तर त्यांना कळवू."

यॉशको गेल्यापासून असल्या प्रत्येक कागदावर टोंकानं डॉटचंच नाव घातलं होतं.

"बाई, आहात ना तुम्ही?"

"आहे," टोंका म्हणाली. "कुणाला कळवू नका."